इंद्रायणीचं पाणी परळला

इंद्रायणी उगम पावते ती लोणावळ्याजवळ, कुरवंड्याच्या डोंगरात. सह्याद्रीचा कडा तिथून हाकेच्या अंतरावर आहे. नागफणीच्या सुळक्यावर उभं राहिलं, की खाली कोकण पसरलेलं दिसतं, आणि समुद्र तिथून फार तर पन्नास-साठ किलोमीटर. नदी मात्र त्या समुद्राकडे पाठ करून निघते. देहू आणि आळंदीवरून जाऊन तुळापूरला भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. कड्याच्या काठावर पडलेला पावसाचा थेंब हजार किलोमीटरांहून अधिक वाट तुडवून दुसऱ्याच समुद्रात पोहोचतो.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात माणसांनी हा क्रम बदलला. लोणावळ्याच्या आसपास तीन तळी बांधली गेली: लोणावळा, वलवण आणि शिरोता. पूर्वेला जाणारं पाणी त्यांत अडवलं आणि कड्यावरून पश्चिमेला, खोपोलीला सोडलं. तिथे त्याची वीज झाली आणि ती मुंबईत परळला पोहोचली. आज सुट्टीच्या दिवशी या तळ्यांभोवती गर्दी करणाऱ्यांना ती निसर्गाचाच भाग वाटतात. प्रत्यक्षात त्यांतला एकही काठ निसर्गाने आखलेला नाही.

या गोष्टीची सुरुवात मात्र धुराने होते. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५०च्या दशकात उभी राहिली. शतक संपता संपता गिरण्यांची संख्या ऐंशीच्या आसपास गेली आणि परळ, लालबाग, वरळी, भायखळा हा सगळा पट्टा धुरांड्यांनी भरला. प्रत्येक गिरणीचं स्वतःचं वाफेचं इंजिन, स्वतःचा बॉयलर, आणि प्रत्येकाला रोज कोळसा. मुंबईच्या जवळपास कुठे दगडी कोळसा नाही. तो यायचा बंगाल-बिहारच्या खाणींतून, अर्धा देश ओलांडून. खाणीच्या तोंडाशी तो स्वस्त असला, तरी गिरणीच्या आवारात येईपर्यंत वाहतुकीचा खर्च त्याच्या मानगुटीवर बसलेला असे. शहराचा धंदा कापसावर होता, पण त्याच्या नाड्या कोळशाच्या हातात होत्या.

अशा शहराच्या उशाला सह्याद्री होता. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तिथून पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात तो सातशेच्या आसपास येतो आणि त्याही पुढे दौंड-शिरूरकडे पाचशेच्या घरात. एवढ्या थोड्या अंतरात एवढी उतरंड फार कमी ठिकाणी सापडते. शिवाय हा सगळा पाऊस समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर उंचीवर पडतो, आणि त्याच्या पायथ्याशी, पाचशे मीटर खाली, कोकण आहे.

या पाचशे मीटरांचा विचार ज्यांनी केला, त्यांत मुंबईतले वास्तुविशारद डेव्हिड गॉस्लिंग यांचं नाव आधी घ्यावं लागतं. घाटमाथ्यावरचं पाणी अडवून त्यापासून मुंबईसाठी वीज करता येईल, ही कल्पना त्यांनी जमशेटजी टाटांपुढे मांडली. जमशेटजी स्वतः गिरणीमालक. कोळशाचा हिशेब त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. शिवाय मुंबईत घरं बांधायची, हॉटेल काढायचं, पोलादाचा कारखाना उभारायचा, विज्ञानाची संस्था स्थापायची, अशा त्यांच्या मनातल्या अनेक कामांच्या यादीत वीज बसण्यासारखीच होती. सार्वजनिक बांधकाम खात्यात मुरलेले आर. बी. जॉयनर पाण्याची बाजू पाहू लागले आणि विजेच्या बाजूला आल्फ्रेड डिकिन्सन हे इंग्लंडचे सल्लागार अभियंते आले. पण आराखडे पुरे होण्याआधीच, मे १९०४ मध्ये, जमशेटजी जर्मनीत बाड नाउहाइम इथे वारले.

काम त्यांचे पुत्र दोराबजी यांच्या अंगावर आलं. सरकारकडून परवाना मिळाला १९०७ साली. त्याहून अवघड होतं भांडवल मिळवणं. लंडनच्या बाजाराने या योजनेत रस दाखवला नाही. जिथे आठ महिने पाऊस पडत नाही, तिथे बारा महिने चालणारं जलविद्युत केंद्र उभारायचं, हे त्यांना पटणं सोपं नव्हतं. हिंदुस्थानात त्याआधी मोठा प्रयोग झाला होता तो म्हैसूर संस्थानात: १९०२ साली कावेरीवरच्या शिवनसमुद्रमची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत पोहोचली होती. पण कावेरी मुळात वाहती नदी होती. इथे नदीच उभी करायची होती, तळ्यांतून.

लंडनने नाही म्हटलं, तेव्हा पैसा इथेच शोधावा लागला. हे स्वदेशीचे दिवस होते. टाटांच्या पोलाद कंपनीचे समभाग १९०७ साली मुंबईकरांनी रांगा लावून घेतले होते. जलविद्युत कंपनीच्या वेळी संस्थानिक आणि शहरातले पेढीवाले पुढे आले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनीही या योजनेची बाजू उचलून धरली. क्लार्क यांच्याच कारकिर्दीत, १९०८ साली, टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती आणि गिरणी कामगारांनी सहा दिवस मुंबई बंद पाडली होती. तेच सरकार आता त्याच गिरण्यांसाठी देशी भांडवलाची पाठराखण करत होतं. नोव्हेंबर १९१०मध्ये 'टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी' स्थापन झाली आणि ८ फेब्रुवारी १९११ रोजी क्लार्क यांच्याच हस्ते लोणावळ्याला कोनशिला बसली.

लोणावळा तोवर काही अनोळखी जागा राहिली नव्हती. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे वर आली होती. त्या बांधकामात मजुरांचे किती जीव गेले, याच्या आठवणी घाटात अजून ताज्या असणार. रेल्वेने आपल्या वाफेच्या इंजिनांसाठी भुशीला धरण बांधून घेतलं होतं. आज पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यात बसायला लोक जातात, ते हेच. म्हणजे इंद्रायणीच्या डोक्यावरचं पहिलं मोठं धरण वाफेसाठी होतं. टाटांची धरणं त्याच वाफेला मुंबईतून हटवण्यासाठी आली. आणि गंमत अशी, की त्यांची यंत्रं आणि नळ वाहून आणले ते वाफेच्या इंजिनांनीच.

तिन्ही तळ्यांचं काम वेगवेगळं होतं, आणि या योजनेची खरी बुद्धी त्या विभागणीत आहे. लोणावळ्याचं तळं उथळ. ते पावसाळ्याचं तळं: जून ते सप्टेंबर जे पाणी येईल, ते लगेच वापरायचं आणि मोठ्या तळ्यांना भरायला उसंत द्यायची. म्हणूनच उन्हाळ्याकडे ते आटत जातं आणि नवख्या माणसाला वाटतं, यंदा पाऊस कमी झाला. उरलेले आठ महिने सांभाळायचे ते वलवण आणि शिरोत्याने. वलवणचं धरण सव्वीस मीटर उंच आणि साडेतेराशे मीटर लांब. शिरोत्याचं त्याहून उंच आणि दोन किलोमीटरांच्याही पुढे लांब. शिरोत्याचं पाणी डोंगरातल्या बोगद्यातून वलवणकडे येतं. वलवणपासून ते एका दगडी कालव्यातून खंडाळ्यापर्यंत जातं. खंडाळ्यात या कालव्याला आजही 'डक्ट लाइन' म्हणतात. कड्याच्या टोकाशी पाणी एका हौदात थांबतं आणि तिथून पोलादी नळांत शिरून खोपोलीकडे झेपावतं.

घराच्या गच्चीवरची टाकी जितकी उंच, तितका तळमजल्याच्या नळाला जोर. इथे टाकी पाचशे मीटर वर आहे. खाली पोहोचताना पाण्याची धार सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटर वेगाने सुटते. ती पेल्टन चक्राच्या वाट्यांवर आदळते आणि चक्र फिरतं. एक हजार लिटर पाणी एवढ्या उंचीवरून आलं, की त्यातून एका युनिटहून थोडी जास्त वीज निघते. हेच पाणी वीस मीटर उंचीच्या एखाद्या धरणाच्या पायथ्याशी सोडलं असतं, तर त्याच्या जेमतेम चार टक्के मिळाली असती. म्हणून ही तळी तुलनेने लहान असूनही मोठं शहर हलवू शकली. जॉयनर आणि डिकिन्सन यांनी इथे पाणी साठवलंच. पण त्यांनी खरी हाती धरली ती कड्याची उंची आणि चार महिन्यांचा पाऊस बारा महिन्यांवर पसरून देणारा वेळ.

चार वर्षांत काम उरकलं. मध्येच, ऑगस्ट १९१४मध्ये, युरोपात महायुद्ध पेटलं. यंत्रं परदेशी आणि समुद्राची वाट बेभरवशाची. तरी फेब्रुवारी १९१५मध्ये नवे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी या योजनेचं उद्घाटन केलं. खोपोलीहून निघालेली वीज सुमारे सत्तर किलोमीटर तारांवरून परळच्या ग्रहण केंद्रात पोहोचली. एक लाख व्होल्टच्या दाबाने एवढ्या लांब वीज नेणं, ही त्या काळात जगभर मोजक्याच ठिकाणी जमलेली गोष्ट होती.

गिरणीमालक आधी साशंक होते. वाफेचं इंजिन डोळ्यांसमोर असतं. बिघडलं तर फिटर हाताशी असतो. सत्तर किलोमीटर लांबच्या तारेवर गिरणी टांगायची, याला छाती लागते. युद्धाने त्यांची शंका फेडली. जहाजं लष्कराच्या कामाला लागली, रेल्वेवर ताण आला, कोळसा महागला आणि दुर्मीळ झाला. तारेतून येणारी वीज मात्र चालूच राहिली. एकामागून एक गिरण्यांनी दोरखंडांवर फिरणाऱ्या जुन्या चाकांच्या जागी मोटारी बसवल्या.

कामगाराच्या बाजूने पाहिलं, तर हा हिशेब वेगळा निघतो. गिरण्यांत विजेचे दिवे आधीच आले होते आणि त्यांनी दिवसाला शेवटच उरू दिला नव्हता. १९०५ साली दिव्यांखाली रात्र होईपर्यंत राबवण्याविरुद्ध गिरणगावात असंतोष उसळला होता. १९११च्या कारखाने कायद्याने प्रौढ पुरुषांसाठी दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली. खोपोलीची वीज आली, ती या बारा तासांच्या दिवसात. तिने धूर कमी केला, कामाचे तास नव्हे. त्यासाठी कामगारांना पुढे स्वतःच संप करावे लागले.

वर मावळात काय झालं? पाणी अडलं ते भातखाचरांवर. १८९४चा भूसंपादन कायदा तेव्हा हाताशी होताच. 'सार्वजनिक हेतू' म्हटला, की जमीन घेता येई, मालकाची संमती लागत नसे. भरपाई मिळे ती पैशांत, आणि ज्याच्या नावावर जमीन, त्याला. कुळाला, गुराख्याला, डोंगर उतारावर नाचणी-वरई पिकवणाऱ्याला त्या कागदांत फारशी जागा नव्हती. लोणावळ्याच्या तळ्यांच्या वेळी याविरुद्ध मोठा लढा उभा राहिला नाही.

तो उभा राहिला दहा वर्षांनी, मुळशीला. पहिली योजना यशस्वी झाल्यावर टाटांनी दोन नव्या हाती घेतल्या. आंध्रा नदीवर ठोकळवाडीचं धरण झालं आणि भिवपुरीचं केंद्र १९२२ साली सुरू झालं. नीळा-मुळेच्या संगमाजवळ, मुळशीला, तिसऱ्या आणि सर्वांत मोठ्या योजनेचं धरण ठरलं. त्याखाली पन्नासहून अधिक गावांची जमीन जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे बांधाच्या कामावर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी लोकांनी दिली ती याच लढ्यात. काम काही काळ थांबलं, पुन्हा सुरू झालं, अटका झाल्या, तुरुंगवास झाले. पण जमिनीचे कागदोपत्री मालक असलेले अनेक सावकार पुण्यात राहत होते आणि त्यांना भरपाई मंजूर होती. कसणारा एकटा पडला. १९२४पर्यंत लढा मावळला, आणि १९२७ साली भिऱ्याला मुळशीच्या पाण्याची वीज तयार होऊ लागली. धरणाविरुद्धचा जगातला पहिला संघटित लढा म्हणून अभ्यासक आता मुळशीचं नाव घेतात. पाणी पूर्वेचं, कडा मधोमध, वीज पश्चिमेला ही तीच रीत. ती लोणावळ्याला आधी बसवून पाहिली होती.

तळ्यांना दुसरं आयुष्य मिळालं, ते कुणीही न योजता. रेल्वेने लोणावळा-खंडाळ्याला मुंबईच्या सुखवस्तू लोकांची हवापालटाची जागा बनवलंच होतं. पारशी आणि गुजराती कुटुंबांचे बंगले उभे राहत होते. त्यांना आता पाण्याचे काठही मिळाले. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधामची स्थापना केली आणि योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. १९४५ साली नौदलाची प्रशिक्षण संस्था, आजची 'आयएनएस शिवाजी', इथे आली. वलवणच्या धरणाच्या पायथ्याची बाग सहलीच्या शाळकरी मुलांच्या दोन-तीन पिढ्यांना ठाऊक झाली. हिवाळ्यात पाणी उतरू लागलं, की उघड्या पडलेल्या चिखलात पाणपक्षी येतात आणि त्यांच्यामागे दुर्बिणी घेतलेले लोक. मग २००२ साली द्रुतगती महामार्ग पुरा झाला आणि मुंबई दोन तासांवर आली. पावसाळी शनिवार-रविवारी लोणावळ्यात येणाऱ्या गाड्यांपुढे गावच लहान पडू लागलं.

या गर्दीला तळ्यांचा स्वभाव माहीत नसतो. जुलैमध्ये वरच्या डोंगरात एका तासात पाऊस कोसळला, की खालचा ओढा काही मिनिटांत बदलतो. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली आणि प्रशासनाने पर्यटनस्थळांवर निर्बंध घातले. ज्या पावसाच्या जोरावर हे सगळं उभं राहिलं, तो पाऊस आजही तितकाच बेमुर्वत आहे.

त्याच पावसाळ्यात लोणावळ्यातल्या रहिवाशांना आणखी एक सूचना दर वर्षी वाचायला मिळते: धरण भरत आलं आहे, सांडव्यावरून पाणी सुटेल, इंद्रायणीकाठच्या लोकांनी सावध राहावं. म्हणजे इंद्रायणीला तिच्या माथ्याचं पाणी मिळतं ते ती आधीच दुथडी भरून वाहत असते तेव्हा. मार्च-एप्रिलमध्ये, जेव्हा खालच्या गावांना ते हवं असतं, तेव्हा ते खोपोलीच्या चक्रांवरून पाताळगंगेत उतरलेलं असतं. पाताळगंगेकाठची गावं आणि कारखाने आता त्याच पाण्यावर तगून आहेत. भिऱ्याच्या खाली कुंडलिकेत तर विजेचं पाणी सकाळी सुटतं, तेव्हाच कोलाडच्या राफ्टिंगवाल्यांचा दिवस सुरू होतो. वीज करून उरलेल्या पाण्यावर करमणुकीचा एक धंदा उभा आहे.

या वळवलेल्या पाण्याची मोजदाद कायद्यात आली, ती कृष्णा पाणीवाटपाच्या तंट्यात. बच्छावत लवादाने १९७०च्या दशकात टाटांच्या जलविद्युत योजनांना कृष्णा खोऱ्याबाहेर नेण्यासाठी एका वर्षात जास्तीत जास्त ५४.५ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसी अशी मर्यादा घातली. भीमेच्या खोऱ्यात दुष्काळ पडला, की हे आकडे वर्तमानपत्रांत परततात. पुणे वाढत चाललं आहे आणि मुळशीचं पाणी पुण्याला द्या ही मागणी जुनी झाली आहे; सोलापूरकडून तीच मागणी वेगळ्या भाषेत होते. सरकारने अभ्यासगटही नेमले.

दुसऱ्या बाजूचं म्हणणंही पोकळ नाही. खोपोलीची क्षमता आज ७२ मेगावॉट आहे, भिवपुरीची ७५, भिऱ्याची ३००. मुंबईच्या एकूण मागणीत हा वाटा आता लहान दिसतो. पण पाण्याचं चक्र काही मिनिटांत फिरू लागतं. कोळशाच्या संचाला तापायला तास लागतात. संध्याकाळी मागणी एकदम चढते तेव्हा, किंवा १२ ऑक्टोबर २०२०सारखी अख्खी मुंबई अंधारात जाते तेव्हा, ही मिनिटं मोलाची ठरतात. आणि जे पाणी शंभर वर्षं कोकणात उतरलं, त्यावर तिथेही गावं आणि पोटं अवलंबून झाली आहेत. नदी एकदा वळवली, की परत वळवतानाही कुणाच्या तरी घरातलं पाणी जातंच.

ज्यांच्यासाठी हे सगळं झालं, त्या गिरण्या मात्र उरल्या नाहीत. जानेवारी १९८२च्या संपानंतर त्या एकेक करून बंद पडल्या आणि परळला धुरांड्यांच्या जागी मॉल आणि काचेचे मनोरे आले. वीज त्यांनाही लागते. म्हणजे १९०७च्या परवान्यामागचं मूळ कारण संपलं, पण त्याने घालून दिलेली पाण्याची दिशा तशीच राहिली; कारण नवं आलं, की जुनी दिशा त्याला आपोआप लागू पडते. पाणी कुणाकडे जावं, याचा निवाडा एकदाच झाला, तोही ज्यांच्या नदीचं ते पाणी होतं त्यांना न विचारता. उद्या तो पुन्हा करायची वेळ येईल, तेव्हा देहू-आळंदीपासून दौंडपर्यंतचे लोक, खोपोली-रसायनीचे लोक आणि मुंबईचे वीजग्राहक एका टेबलाशी बसवावे लागतील, आणि त्यांच्यापुढे टीएमसी, युनिट आणि रुपये यांचा खरा हिशेब ठेवावा लागेल. १९११ साली अभियंत्यांकडे आराखडे होते, दोराबजींकडे भांडवल आणि क्लार्क यांच्याकडे अधिकार. त्या कोनशिलेच्या समारंभात नदीकाठच्या शेतकऱ्याला खुर्ची नव्हती. पुढच्या वेळी ती आधी मांडली पाहिजे.